जोत्याची उंची

तीन हजार चारशे बारा निबंध.
प्राध्यापक हार्तोयो म्हणाले, वेनिंग, सगळे वाचत बसू नकोस,
गोषवारे चाळ, शब्द मोज, वर्षं लाव.
कल कुठे आहे तेवढं सांग.

म्हणून मी मोजते.
सुरुवातीला 'भिंत' फार. 'बंधारा', 'पंप', 'झडप'.
मग भिंत उतरते आणि 'लवचिकता' चढते,
इतकी, की पडद्याबाहेर जाते की काय.
मग हिरवी छपरं, पाणी पिणारे रस्ते,
आणि अलीकडच्या चार-पाच वर्षांत, खाली कोपऱ्यात,
'न्याय'.
बारीक रेघ, कुणी पेन्सिलीचं टोक तपासून पाहिल्यासारखी.

शहरं तीच ती. रॉटरडॅम एकशे अठ्ठ्याऐंशी वेळा.
आमचं सेमारांग सव्वीस,
त्यातलेही एकोणीस दुसऱ्याच कुठल्या शहरात बसून लिहिलेले.

मी राहते ते घर बू कासियेमचं,
बंदराअलीकडे, मासळी वाळत घालतात त्या गल्लीत.
इथे भरतीच्या पाण्याला रोब म्हणतात.
ते समुद्राकडून धावून वगैरे येत नाही.
मोरीतून येतं, फरशीच्या सांध्यातून येतं,
मुकाट, घरातल्याच माणसासारखं,
आणि चपला तेवढ्या इकडच्या तिकडे करतं.

चार वेळा जोतं वाढवलं बू कासियेमनं, दर वेळी फूटभर.
छप्पर होतं तिथेच राहिलं.
खिडकी आता गुडघ्याशी आली आहे,
दिव्याचं बटण दाबायला खाली बसावं लागतं,
आणि दाराची सासऱ्यांच्या वेळची नऊ फुटी चौकट
थोरल्या सुप्रियादीच्या कपाळाला लागते.
नवी सून पहिल्या दिवशी म्हणाली होती,
किती नम्र माणूस, वाकल्याशिवाय घरात येत नाही!

याच चौकटीवर पोरांच्या उंचीच्या खुणा आहेत.
सुप्रियादी, वय दहा: आता घोट्याजवळ.
वय सहा: फरशीखाली.
उभा राहायला लागला तेव्हाची खूण दोन फरश्यांखाली, वाळूत.
मुर्नी मात्र सातव्या वर्षीच दादाच्या दहाच्या कितीतरी वर,
कारण तोवर दोनदा भराव पडला होता.
'पोरं वाढत होती,' बू कासियेम म्हणते, 'मी जमीन वाढवत होते.
पुढे कोण गेलं, ते बघायला वेळ कुणाला होता?'

याला आमच्याकडे नाव आहे: स्वयंप्रेरित अनुकूलन.
अकरा निबंध आहेत त्यावर.
त्यातले सहा म्हणतात, हा अल्प खर्चाचा उपाय.
पहिल्या भरावाला बांगड्या गेल्या.
दुसऱ्याला उरलेल्या बांगड्या.
तिसऱ्याला होडीचं इंजीन,
चौथ्याचं ती सांगत नाही, आणि मीही खोदून विचारत नाही.

काल रात्री भात वाढता वाढता म्हणाली,
तुझ्या त्या कागदांत असेल ना गं,
पाचव्यांदा किती टाकायचं? एक फूट की दीड?
एक टाकला तर पाच वर्षं निघतील.
दीड टाकला तर सात-आठ, पण सुप्रियादी रांगत येईल.

मी शोधलं. खरंच शोधलं, पहाटे अडीचपर्यंत.
'फूट' नव्हता कुठे.
'माघार' होती, दोन वर्षांपासून नव्यानं चढणारी,
नियोजित माघार, सन्मानपूर्वक माघार,
नकाशावर फिकट जांभळा रंग, आणि त्यात ही गल्ली.
ते तिला सांगितलं नाही.
सांगायचं कसं, हे कुठल्याच गोषवाऱ्यात नव्हतं.
म्हटलं, एक टाका.

प्राध्यापकांना कळवलंय, कल वरच्या दिशेला आहे.
साडेसहाशे निबंध अजून राहिलेत.
वाळूची गाडी शनिवारी येणार, गल्लीच्या तोंडाशी थांबणार,
तिथून पुढे बादल्या. मी पण जाईन.

मुर्नी विचारतेय, दादाची दहाची खूण बुजायच्या आधी
तिचा फोटो काढून ठेवू का?
काढ, बू कासियेम म्हणते.
पण आत येताना पाय पूस.